निर्णयाच्या पंक्तीत गरीब देशांचे पान

(सेनगाव, जि. हिंगोली येथील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजच्या विषयाचे शीर्षक वाचून कुणालाही प्रश्न पडावा की, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक, जागतिक व्यापार संघटना या संस्थांचा आणि सेनगावचा संबंध काय? वॉशिंग्टनला आणि जिनिव्हाला कुणी कुठे बसावे, कुणाच्या मताला किती वजन असावे, याची चिंता हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याने का करावी? पाऊस वेळेवर पडला, खत वेळेवर मिळाले आणि मालाला भाव आला, एवढे त्याला पुरे आहे.

या प्रश्नाचे उत्तर मोंढ्यातच आहे. आपल्याकडे पिकतो कापूस, पिकते सोयाबीन, पिकते हळद. सोयाबीनचा आपला भाव शिकागोच्या वायदेबाजाराकडे आणि कापसाचा न्यूयॉर्कच्या बाजाराकडे पाहून वर-खाली होतो. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी मिळाली, आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भावाची ती तेजी ओसरली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. त्याच महिन्यात, कापडउद्योगाला दिलासा म्हणून, आपल्याकडे कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवण्यात आले आणि पुढे ती मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. कापूस वेचणीला येण्याच्या तोंडावर हे घडले. या निर्णयांची कारणे असतील, काही पटण्यासारखीही असतील. परंतु ज्याच्या घरात कापूस साठवलेला होता, त्याला कुणी विचारले होते काय?

किंमत मोजणारा एकीकडे आणि निर्णय घेणारा दुसरीकडे, हे जेथे घडते तेथे अन्याय शिरतो. गावात घडते, राज्यात घडते, तसेच ते जगातही घडते. ज्या देशांनी किंमत मोजली त्यांना निर्णयाच्या वेळी जागा का मिळत नाही, ती मिळवण्यासाठी काय करावे लागते, आणि ती मिळाल्यावर आपले कर्तव्य काय, एवढेच मला आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

हिंगोलीच्या छावणीचा धडा

या विषयाचा पहिला धडा शोधण्यासाठी लांब जाण्याची आवश्यकता नाही. हिंगोली हे निजामी राज्यातील एक लष्करी ठाणे होते. ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेची छावणी तेथे होती. फौज नावाला निजामाची. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, आणि खर्च मात्र निजामाच्या खजिन्यातून. तो खर्च भागेना, थकबाकी साचली, कर्ज वाढत गेले. शेवटी १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या हवाली करावे लागले. धाराशिव आणि रायचूर पुढे १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने ते कायमच्या पट्ट्याने घेतले.

वऱ्हाडच का ठेवून घेतले? कारण ती काळ्या मातीची कापसाची भूमी होती. तहानंतर आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि पश्चिम भारतातील कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तो भाव कोसळला. चढता भाव आपण ठरवला नव्हता, पडता भावही आपण ठरवला नव्हता.

ऋणकोच्या घरात सावकाराचा शब्द चालतो, हे आपल्याला ठाऊक आहे. राष्ट्रांच्या बाबतीतही नियम तोच. फौज आपल्या नावाची, पण आपल्या हुकमाची नाही. खर्च आपला, पण हिशेब दुसऱ्याचा. असे झाले की मुलूख जातो आणि मुलखाबरोबर बोलण्याचा अधिकारही जातो. ज्या लोकांचा मुलूख गेला त्यांना १८५३ मध्ये कुणी विचारले नाही; आणि निजामाच्या राजवटीतील मराठवाड्याच्या प्रजेला तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत कुणी काही विचारण्याची पद्धतच नव्हती. आवाज नसणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

पारतंत्र्यातही उठलेला आवाज

दुसरा धडा रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेल्या एका मराठी माणसाचा आहे. चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी, जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. युद्धानंतर जगाचा आर्थिक संसार कोणत्या नियमांनी चालावा हे तेथे ठरणार होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्था त्या परिषदेतूनच जन्मल्या.

भारत त्या वेळी पारतंत्र्यात होता. शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे इंग्रज अधिकारी होते. परंतु त्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते, षण्मुखम चेट्टी होते, मुंबईचे अर्देशीर श्रॉफ होते. ही मंडळी तेथे मान खाली घालून बसली नाहीत. नव्या निधीच्या उद्दिष्टांत अविकसित देशांच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख असावा, असा आग्रह त्यांनी धरला. तो आग्रह त्यांच्या शब्दांत मान्य झाला नाही. परंतु सर्व सदस्य देशांच्या उत्पादक साधनसंपत्तीचा विकास हे शब्द नाणेनिधीच्या घटनेच्या पहिल्याच कलमात आहेत.

दुसरा प्रश्न आपल्या पैशाचा होता. युद्धकाळात भारतातून इंग्रजांनी माल, धान्य, कापड, मनुष्यबळ उचलले आणि त्याबदली लंडनमध्ये भारताच्या नावे पौंडांची नोंद करून ठेवली. ही रक्कम एक अब्ज पौंडांच्या वर गेली होती. ज्या काळात ही जमा वाढत होती, त्याच काळात, १९४३ मध्ये, बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. कागदावर भारत धनको होता आणि घरात उपासमार होती! या पौंड-शिलकीचा काही भाग तरी वापरता यावा अशी व्यवस्था नव्या निधीत करा, अशी मागणी आपल्या प्रतिनिधींनी केली. लॉर्ड केन्स यांच्यासारखा त्या काळचा सर्वश्रेष्ठ अर्थशास्त्रज्ञ ब्रिटनच्या बाजूने उभा होता. हा आम्हा दोघांमधील व्यवहार आहे, परिषदेचा नाही, अशी ब्रिटनची भूमिका राहिली आणि मागणी फेटाळली गेली.

मग त्या मंडळींनी मिळवले काय? भारताचा हिस्सा ४० कोटी डॉलर ठरला. अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत रशिया, चीन आणि फ्रान्स यांच्यानंतर भारत सहावा होता. पुढे सोव्हिएत रशिया निधीत सामील झालाच नाही, त्यामुळे पहिल्या पाच देशांत भारताची गणना होऊन संचालक मंडळावर स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त झाला. स्वातंत्र्यापूर्वीच ही जागा मिळाली, ती आकडे हाती घेऊन, मुद्द्याला मुद्दा देऊन, चिकाटीने बसून राहिलेल्या माणसांमुळे मिळाली. हेच चिंतामणराव पुढे केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्या पदाचा त्याग केला, हे येथे कुणाला सांगावे लागणार नाही. दिल्लीत बसलेल्या माणसाचा कणा तोच होता, जो ब्रेटन वूड्सला दिसला होता.

मतांचे गणित

त्या निधीची आजची स्थिती काय आहे? सदस्य देश १९१ आहेत. परंतु ही आपल्या ग्रामपंचायतीसारखी एक माणूस, एक मत अशी व्यवस्था नव्हे. ज्याचा भांडवलातील हिस्सा मोठा, त्याच्या मतांचे वजन मोठे. अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के मते आहेत. महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात. म्हणजे बाकीचे १९० देश एका बाजूला उभे राहिले तरी अमेरिकेच्या नकारापुढे त्यांचे काही चालत नाही. एकशे चाळीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या भारताकडे सुमारे २.६ टक्के मते आहेत.

प्रथा तर नियमांहूनही बळकट. जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकेने सुचवलेलाच असावा आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपीयच असावा, हा संकेत प्रारंभापासून आजतागायत पाळला गेला आहे. २०२३ मध्ये अजय बंगा जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले. त्यांचा जन्म पुण्याजवळच्या खडकीचा, त्याचा आनंद आपल्याला वाटतो. पण त्यांची निवड अमेरिकेचे नागरिक म्हणून, अमेरिकेच्या नामनिर्देशनाने झाली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

सुधारणा होत नाहीत असे नाही, पण त्या किती धिम्या गतीने होतात ते पाहा. उगवत्या देशांना थोडा अधिक वाटा देणारी सुधारणा २०१० मध्ये ठरली. अमेरिकेच्या काँग्रेसने ती अडवून धरल्यामुळे प्रत्यक्षात येण्यास जानेवारी २०१६ उजाडले. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वांचे हिस्से ५० टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले. परंतु वाढ सर्वांना सारख्याच प्रमाणात, म्हणजे परस्परांतील प्रमाण जेथल्या तेथे! सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील चाळीसहून अधिक आफ्रिकी देशांना मिळून संचालक मंडळात दोनच जागा होत्या. तिसरी जागा मिळण्यास नोव्हेंबर २०२४ उजाडले. निधीचे कर्ज आणि त्यासोबतच्या अटी सर्वांत अधिक ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांचीच ही अवस्था आहे.

आपणही त्या अटींची चव घेतली आहे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्यामागे परकीय मदतकर्त्यांचा रेटा होता, आणि ज्या देशाची चूल अमेरिकी गव्हावर पेटत होती त्याला तो रेटा झुगारता आला नाही. १९९१ मध्ये तर रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण टाकावे लागले. घरातील सोने बाहेर जाते त्या दिवशी घरधन्याचा आवाज किती उरतो, हे माता-भगिनी अधिक जाणतात. पुढे आपण सावरलो. नाणेनिधीचे कर्ज आपण फेडून टाकले. २००३ मध्ये अटलजींचे सरकार असताना भारत त्या निधीला पैसा पुरवणाऱ्यांच्या यादीत आला. आणि २००९ मध्ये त्याच निधीकडून आपण २०० टन सोने विकत घेतले. आवाज मोठा झाला तो या क्रमाने झाला.

कापसाची कहाणी

आता व्यापाराकडे वळू, कारण सेनगावचा खरा संबंध तेथे येतो. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. येथे मात्र प्रत्येक देशाला एक मत आहे आणि निर्णय सर्वसंमतीने होतात. कागदावर यापेक्षा न्याय्य काय असणार? परंतु मोठे देश बंद दालनात निवडक प्रतिनिधींना बोलावून मसुदा ठरवतात आणि उरलेल्यांपुढे तो संमतीसाठी येतो, ही तक्रार या संघटनेच्या जन्मापासूनची आहे.

हा धोका ज्यांनी सर्वांआधी ओळखला त्यांत वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे सुपुत्र श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. डिसेंबर १९९१ मध्ये डंकेल मसुदा आला तेव्हा ‘गॅट’ हा शब्दही पुष्कळांना अपरिचित होता. शेती, बियाणे, औषधे यांचे निर्णय आपल्या संसदेच्या बाहेर जाणार आहेत, हे दत्तोपंतांनी भारतीय मजदूर संघ, भारतीय किसान संघ आणि स्वदेशी जागरण मंच यांच्या व्यासपीठांवरून गावोगाव समजावून सांगितले. आणि एक गोष्ट कार्यकर्त्यांनी विसरू नये. केंद्रात आपल्या विचारांचे सरकार आले तेव्हाही त्यांचा सूर मवाळ झाला नाही. सरकारचे जेवढे योग्य तेवढ्याला सहकार्य, जेथे चूक तेथे विरोध, ही त्यांची भूमिका लोकमान्यांच्या प्रतियोगी सहकारितेच्या कुळातली होती.

२००३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील चार अतिशय गरीब देशांनी, बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी, व्यापार संघटनेपुढे कापसाचा प्रश्न मांडला. त्यांचे म्हणणे साधे होते. आमचा शेतकरी बैलाच्या नांगराने कापूस पिकवतो, त्याचा खर्च जगात सर्वांत कमी. तरी तो बुडतो, कारण अमेरिका आपल्या सुमारे पंचवीस हजार कापूस उत्पादकांना वर्षाला अब्जावधी डॉलरांचे अनुदान देते, तो माल स्वस्तात बाजारात येतो आणि जगाचा भाव पडतो. ते मदत मागत नव्हते. संघटनेने स्वतःचाच नियम पाळावा, एवढेच मागत होते. बंधूंनो, हे गाऱ्हाणे माली देशातील शेतकऱ्याचे म्हणून ऐका, की सेनगाव तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे म्हणून ऐका. शब्द तेच राहतील.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतील कानकून येथे परिषद झाली. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व अरुण जेटली यांच्याकडे होते. भारत, ब्राझील, चीन, दक्षिण आफ्रिका आदी विकसनशील देशांचा गट एकत्र उभा राहिला आणि अमेरिका व युरोपने मिळून आणलेला शेतीचा मसुदा त्याने मान्य केला नाही. परिषद निर्णयाविना संपली. पाश्चात्य वृत्तपत्रांनी अपयशाचे खापर गरीब देशांवर फोडले. परंतु एकट्याने ‘नाही’ म्हणणे आणि चौघांनी मिळून ‘नाही’ म्हणणे यांतील अंतर जगाला त्या दिवशी समजले.

आता याच कापसाचा उत्तरार्ध ऐका. ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध व्यापार संघटनेच्या लवादाकडे दावा लावला. वर्षानुवर्षे तो चालला. ब्राझील जिंकला, अपीलातही जिंकला, आणि अमेरिकी मालावर प्रतिशुल्क लावण्याची अनुमतीही त्याने मिळवली. मग अमेरिकेने तडजोड केली. २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन तो तंटा मिटवला गेला. ज्या चार आफ्रिकी देशांचे दुखणे तेच होते, त्यांच्या हाती काय आले? २००५ मध्ये हाँगकाँगला कापसाची निर्यात अनुदाने बंद करण्याचे ठरले, ते एक समाधान. पण देशांतर्गत अनुदानाचा मूळ प्रश्न भिजत पडला. नियम सर्वांना एक होता. पण दावा चालवण्यास निष्णात वकील लागतात, आकडेवारी लागते, आणि जिंकल्यावर समोरच्याला झोंबेल असे प्रतिशुल्क लावण्याइतकी मोठी बाजारपेठ लागते. ती ब्राझीलकडे होती, मालीकडे नव्हती. आणि डिसेंबर २०१९ पासून तर अपील मंडळच ठप्प झाले, कारण अमेरिकेने नव्या न्यायाधीशांच्या नेमणुका अडवून धरल्या.

याच्या जोडीला आपल्या हमीभावाचे पाहा. व्यापार संघटनेच्या हिशेबात आपला आजचा हमीभाव १९८६ ते ८८ या काळातील संदर्भ किमतीशी ताडला जातो. त्या किमती आणि आजच्या किमती यांत किती अंतर आहे, हे ज्याने त्या वर्षी कापूस विकला त्याला विचारा. त्या अंतराला अनुदान समजून, ते उत्पादन मूल्याच्या दहा टक्क्यांवर गेले की नियमभंग! २०१८ मध्ये अमेरिकेने गहू आणि तांदळापाठोपाठ आपल्या कापसाच्या हमीभावावरही याच आधारे आक्षेप नोंदवला. अब्जावधी डॉलर आपल्या शेतकऱ्यांना देणाऱ्याने वऱ्हाड-मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या हमीभावावर बोट ठेवावे, यापरते आश्चर्य कोणते? २०१३ मध्ये बाली येथे अन्नधान्य साठवणुकीपुरते तात्पुरते अभय मिळाले. २०१४ मध्ये भारताने ताठ भूमिका घेतल्यावर, कायमचा तोडगा निघेपर्यंत ते अभय टिकेल, असे ठरले. परंतु हे संरक्षण पारंपरिक अन्नधान्यापुरते आहे. कापूस त्यात येत नाही. २०२४ मध्ये अबू धाबी येथील परिषदही कायमच्या तोडग्याविना संपली.

हळदीने शिकवलेले

निराश होण्याचे मात्र कारण नाही. आपल्या जिल्ह्याची ओळख असलेल्या हळदीकडे पाहा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हीच हळद १९९५ मध्ये आपल्या हातून जाऊ पाहत होती. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर, या ‘शोधाचे’ पेटंट अमेरिकेतील एका विद्यापीठाला दिले गेले. आपल्या आजी-पणजीला जे ठाऊक होते, त्याचा मालकी हक्क सातासमुद्रापार नोंदला गेला!

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. मोर्चा काढून ते पेटंट रद्द झाले नसते. प्राचीन संस्कृत ग्रंथांतील उल्लेख काढले गेले, १९५३ मध्ये एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला निबंध शोधला गेला, त्यांची भाषांतरे सादर झाली. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. आपल्याजवळ ज्ञान होते, पण समोरच्याच्या दप्तरात त्याची नोंद नव्हती. नोंद दाखवताच समोरच्याला माघार घ्यावी लागली. पुढे पारंपरिक ज्ञानाचा मोठा डिजिटल संग्रहच देशाने उभा केला. जे हळदीबाबत झाले तेच हमीभावाबाबत, कापसाबाबत व्हायला हवे. आपला उत्पादन खर्च, आपले नुकसान, आपली बाजू यांचे चोख दप्तर असेल तरच आपल्या माणसाला तेथे बोलता येते.

मोठे होताना

२०२३ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. जी-२० चे अध्यक्षपद भारताकडे होते. त्या वर्षाच्या जानेवारीतच भारताने विकसनशील देशांची परिषद दूरदृश्य प्रणालीवर भरवली आणि सव्वाशे देशांचे म्हणणे ऐकून घेतले. ९ सप्टेंबर २०२३ रोजी नवी दिल्ली येथे, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या अध्यक्षतेखाली, ५५ देशांच्या आफ्रिकी संघाला जी-२० चे स्थायी सदस्यत्व देण्यात आले. ‘वसुधैव कुटुंबकम्’ हे त्या परिषदेचे घोषवाक्य होते. कुटुंबात मिळवता मुलगा आणि आजारी मुलगा यांचे पान एकाच पंक्तीत मांडले जाते, ही आपली रीत आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले, त्याचा जागतिक अर्थकारणातील अर्थ याहून वेगळा नाही. ज्यांना कालपर्यंत उंबऱ्याबाहेर उभे केले जात होते, त्यांना आत बोलावण्याचा मान भारताला मिळाला, याचा सार्थ अभिमान आपण बाळगला पाहिजे.

पण अभिमानासोबत उत्तरदायित्वही येते, आणि ते स्पष्टपणे बोलले पाहिजे. २० जुलै २०२३ रोजी आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. देशातील महागाई रोखण्यासाठी तो निर्णय होता आणि आपल्या जनतेचे पोट हे सरकारचे पहिले कर्तव्य आहे, यात वाद नाही. तथापि पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांची भाताची हंडी भारतीय तांदळावर चढते. त्यांनी विनंती केल्यावर ठरावीक कोटा देण्यात आला, हे आपले वेगळेपण होय. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ती बंदीही उठली. तरी प्रश्न मनाशी विचारावा असा आहे. शिकागोच्या भावाने जशी सेनगावची झोप उडते, तशी दिल्लीच्या निर्णयाने कुणाची झोप उडत असेल काय? आपण मोठे झाल्यावर मोठ्यांसारखेच वागलो, तर गरीब देशांच्या वतीने बोलण्याचा आपला अधिकार किती दिवस टिकेल?

चांगले उदाहरणही आहे. कापसाच्या त्या चार देशांसह आफ्रिकेतील काही देशांना भारताने २०१२ पासून कापूस लागवड, प्रशिक्षण आणि प्रक्रिया यांसाठी तांत्रिक साहाय्य दिले. करोनाच्या काळात, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, लशी व औषधांवरील पेटंटची बंधने शिथिल करावीत असा प्रस्ताव भारत आणि दक्षिण आफ्रिकेने व्यापार संघटनेत मांडला. श्रीमंत देशांनी तो पावणेदोन वर्षे रखडवला आणि जून २०२२ मध्ये जे मान्य केले ते बरेच पातळ करून. पण मागणी केवळ आपल्यासाठी नव्हती, म्हणून शंभरावर देश आपल्यामागे उभे राहिले. साथ मिळते ती अशा वागण्याने.

आपण काय करावे?

सेनगावात बसून आपण काय करू शकतो, असे कुणी विचारील. मी तीन कामे सुचवतो.

पहिले काम हिशेबाचे. प्रत्येक गावातील दोन-चार सुशिक्षित तरुणांनी कापूस, सोयाबीन, हळद यांचा एकरी खर्च आणि हाती आलेला भाव यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी. बियाणे, फवारणी, वेचणीची मजुरी, वाहतूक, सर्व काही. दिल्लीतील अधिकारी जिनिव्हाला जाताना जे आकडे नेतो, ते शेवटी अशाच बांधावरून यायला हवेत.

दुसरे काम संघटनेचे. एकट्या शेतकऱ्याचे व्यापाऱ्यापुढे जे होते, तेच एकट्या गरीब देशाचे बड्या देशापुढे होते. शेतकरी उत्पादक कंपनी असो की सहकारी संस्था, ती अनुदानापुरती कागदावर न ठेवता माल एकत्र करून विकण्यासाठी चालवली पाहिजे. कानकूनला जे देशांनी केले, ते मोंढ्यात शेतकऱ्यांनी करावे.

तिसरे काम सरकारशी बोलण्याचे. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून गप्प बसणे ही निष्ठा नव्हे, हे दत्तोपंतांनी आचरणातून दाखवले. आयात-निर्यातीचे निर्णय पेरणीपूर्वी जाहीर व्हावेत, वेचणीच्या तोंडावर ते बदलू नयेत, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्या संघटनांना आधी विचारले जावे, ही मागणी आपण आमदार-खासदारांकडे लेखी, सातत्याने आणि सभ्य शब्दांत केली पाहिजे. जे आपण जिनिव्हाकडे मागतो, तेच सेनगावने दिल्लीकडे मागितले तर त्यात वावगे काय? उलट, घरात जो न्याय पाळतो, त्याचाच शब्द बाहेर मानला जातो.

येथून हाकेच्या अंतरावर नर्सी आहे. संत नामदेव महाराज तेथून निघाले आणि पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचले. त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली. त्यांच्यामागे ना सैन्य होते, ना खजिना. त्यांच्या शब्दाला परमुलखात मान मिळाला, कारण त्यामागे तपस्या होती आणि ऐकणाऱ्याला तो आपला वाटला. ज्या मातीतून तो आवाज निघाला, त्या मातीतील माणसांनी ‘आमचे कोण ऐकणार’ असे म्हणू नये.